नळ आला आठव्या दिवशी!

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, की पहिल्या दिवशी मी वर्गाला हमखास एक निबंध देतो. 'मी सुट्टीत काय केलं?' विषय जुनाच, पण मुलांची उत्तरं मात्र दरवर्षी नवी असतात.

पुस्तकांतली मुलं सुट्टीत शहरातून मामाच्या खेड्यात जातात. आमच्या गंगापूरच्या मुलांचं बरोबर उलटं! यांचा मामा कामाधंद्यासाठी शहरात गेलेला. म्हणून ही मुलं एसटीत बसतात आणि वाळूजमार्गे औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला जातात. चार-पाच वर्षांपूर्वी अशाच एका सुट्टीनंतर पाचवीतल्या एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं,

'मामाच्या घरी लिफ्ट आहे. मोठा टीव्ही आहे. पण आंघोळीला अर्धीच बादली मिळते. मामी म्हणाली, जपून वापर गं बाई, नळ आता आठव्या दिवशी येईल.'

मी हे वाचून दाखवलं आणि वर्गात खसखस पिकली. "सर, एवढ्या मोठ्या शहरात पाणी नाही? कामून?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

प्रश्न अगदी रास्त होता. मग मी म्हटलं, "चला, ज्यांचे ज्यांचे नातेवाईक शहरात आहेत, त्यांनी सांगा. तिथले लोक कशाकशाबद्दल कुरकुर करतात?"

काय सांगू मुलांनो! पाच मिनिटांत फळा भरला. पाणी रोज येत नाही. आलं तर रात्री दोनला येतं. रस्त्यात खड्डे. कोपऱ्याकोपऱ्यावर कचरा. मोकाट कुत्री. डास. वाळूजच्या कंपन्या सुटल्या की रस्त्यावर गाड्यांची ही रांग! एका मुलाची आत्या तर म्हणे रोज संध्याकाळी म्हणते, "या शहरात राहण्यात काही राम नाही." मी विचारलं, "मग ती परत गावी का येत नाही?" तो म्हणाला, "काकांची नोकरी तिथं आहे ना, सर. आणि ताईचं कॉलेजपण."

बघा, गंमत आहे की नाही? शहराला नावंही ठेवायची आणि शहर सोडायचंही नाही! पण हसण्यावारी नेऊ नका. फळ्यावरच्या एकेका तक्रारीचा हात धरून मागे मागे गेलं, की भलतीच गोष्ट सापडते. आम्ही सुरुवात केली पाण्यापासून.

धरण भरलेलं, नळ कोरडा

हे शहर वसवलं मलिक अंबरनं, १६१० साली. हा मूळचा आफ्रिकेतल्या इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. तेव्हा या गावाचं नाव होतं खडकी. नावातच खडक! मग पाणी आणायचं कुठून? मलिक अंबरनं डोंगराकडचं, जमिनीत मुरलेलं पाणी अडवलं आणि भुयारी कालव्यानं शहरात आणलं. हीच ती प्रसिद्ध नहर-ए-अंबरी. ना पंप, ना वीज. पाणी उतारानं आपलं आपण येई. पुढे आणखीही नहरी झाल्या. त्यांतल्याच एका नहरीच्या पाण्यावर पाणचक्कीचं जातं फिरे आणि धान्य दळलं जाई. शाळेच्या सहलीत तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ती पाहिली असेल.

पण शहर वाढलं. १९९१ च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेसहा लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती पावणेबारा लाखांच्या घरात गेली. वीस वर्षांत दुप्पट! एवढ्यांना नहरीचं पाणी कसं पुरणार? आज शहराची मुख्य भिस्त आहे ती पैठणच्या जायकवाडी धरणावर.

जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. धरणाला २७ दरवाजे आहेत. मागे अडवलेल्या पाण्याला नाव दिलं नाथसागर. धरण पूर्ण भरलं, की त्यात शंभर टीएमसीहून जास्त पाणी असतं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट.

"मग पाणी आहे की, सर!" मुलं म्हणाली.

आहे ना! २०२२ च्या उन्हाळ्यातही धरणात पाणी होतं. तरी शहरात कितीतरी भागांत आठ-आठ दिवसांनी नळ येत होते आणि मे महिन्यात लोकांनी रस्त्यावर उतरून मोर्चा काढला होता. असं का? तर धरणात पाणी असणं वेगळं आणि नळाला पाणी येणं वेगळं.

पैठणचं धरण खाली आहे आणि शहर उंचावर. धरणाची पूर्ण भरल्यावरची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट. शहर त्याहून शंभर मीटरपेक्षा जास्त उंचीवर वसलंय. शंभर मीटर म्हणजे साधारण तीस मजली इमारत! म्हणजे रोजचं सगळं पाणी आधी मोठमोठ्या पंपांनी वर चढवायचं. मग ढोरकीन, बिडकीन करत फारोळ्याला न्यायचं. तिथं ते शुद्ध करायचं, नक्षत्रवाडीच्या उंचवट्यावर चढवायचं आणि तिथून शहरातल्या टाक्यांत सोडायचं. हा प्रवास जवळजवळ चाळीस किलोमीटरचा.

वाटेत वीज गेली, की पंप बंद. पाइप फुटला, की पाणी बंद. एका भागाची पाळी चुकली, की पुढच्या सगळ्यांची एकेक दिवस पुढे जाते. वर्षानुवर्षं हा सगळा भार होता दोन जुन्या पाइपलाइनींवर. एकीचा व्यास ७०० मिलिमीटर, दुसरीचा १४००. त्या टाकल्या तेव्हा शहर केवढं होतं, आणि आता केवढं झालं!

म्हणून २०२० साली नव्या योजनेचं भूमिपूजन झालं. तिच्या पाइपचा व्यास २५०० मिलिमीटर, म्हणजे अडीच मीटर. तुमच्या वर्गातला सगळ्यात उंच मुलगाही त्यातून ताठ मानेनं चालत जाईल! पण काम रेंगाळलं. सुरुवातीला खर्च १६८० कोटी रुपये धरला होता, तो पुढे २७४० कोटींवर गेला. मधल्या काळात मामीचे ड्रम मात्र तिथंच राहिले.

आणि मामी रागावते कुणावर? तर गल्लीत येऊन पाणी सोडणाऱ्या लाइनमनवर. शिव्या सगळ्या त्याच्या वाट्याला. पण पाइप जुना झाला, योजना लांबली, यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? तो फक्त चावी फिरवतो. आमच्या वर्गानं काढलेला पहिला धडा हा. तक्रार करताना ती योग्य दारात न्यावी.

ड्रमाचं गणित

मग आम्ही गणिताच्या तासाला मामीच्या घराचं गणित मांडलं. तुम्हीही वही घ्या.

शहरात दर माणसाला रोज १३५ लिटर पाणी मिळावं, असं प्रमाण सरकारनं ठरवलेलं आहे. मामाच्या घरात माणसं पाच. म्हणजे रोज ६७५ लिटर. नळ आठव्या दिवशी येणार, म्हणजे आठ दिवसांचे झाले ५४०० लिटर. एका मोठ्या ड्रमात मावतं २०० लिटर. तर लागतील किती ड्रम? सत्तावीस!

"मामीकडं किती आहेत गं?" मी विचारलं.

"चार, सर. आणि गच्चीवर पाचशे लिटरची टाकी."

म्हणजे सगळं मिळून १३०० लिटर. ते आठ दिवस आणि पाच माणसांत वाटलं, तर माणशी रोज साडेबत्तीस लिटर. त्यातच प्यायचं, स्वयंपाक, भांडी, आंघोळ, धुणं, संडास. आता कळलं का अर्धी बादली का मिळते ते?

दक्षिण आफ्रिकेत केप टाउन नावाचं मोठं शहर आहे. २०१८ साली दुष्काळामुळं तिथं माणशी ५० लिटरची मर्यादा घातली होती आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी झाली होती. आमच्या मामीचं घर त्याहून कमी पाण्यात चालत होतं. तिची बातमी कुठं नव्हती. होती फक्त भाचीच्या निबंधात.

एका तक्रारीच्या पोटी दुसरी

निबंधाच्या शेवटी एक ओळ होती. 'मामाच्या छोट्या बाळाला ताप आला म्हणून आम्ही फटाके वाजवले नाहीत.' मी चौकशी केली तर कळलं, बाळाला डेंग्यू झाला होता. आठवडाभर दवाखान्यात होतं. बरं झालं म्हणून बरं! पण मामीची झोप उडाली होती.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नाही, तर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य खात्याची माणसं सांगतात, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. सगळी भांडी रिकामी करा, आतून घासा, वाळवा.

पण जिच्याकडं नळच आठ दिवसांनी येतो, तिनं उरलेलं पाणी ओतायचं कसं? नळ येईल की नाही याचा भरवसा नाही, म्हणून ती तळाशी थोडं पाणी राखून ठेवते. आणि डासाला नेमके तेवढेच दिवस पुरतात!

म्हणजे बघा, फळ्यावर 'पाणी' वेगळं लिहिलं होतं आणि 'डास' वेगळे. पण त्या दोघांचं नातं आई-लेकराचं निघालं. डासाला ड्रमच लागतो असंही नाही. उकिरड्यावरचा टायर, नारळाची करवंटी, फुटका डबा, काहीही चालतं. झालं! फळ्यावरचा 'कचरा'ही त्याच घरातला निघाला.

आमचा कचरा, तुमचं गाव

कचऱ्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तीस वर्षांहून अधिक काळ या शहराचा कचरा शहराजवळच्या नारेगावला नेऊन टाकत. रोजचा सुमारे ४०० टन. शहरातल्या माणसाची तक्रार असे, की घंटागाडी वेळेवर आली नाही. गाडी आली, पिशवी उचलली, की त्याच्या लेखी काम संपलं. पण ती पिशवी जाई कुठं? नारेगाव-मांडकीच्या लोकांच्या उशाशी. तिथं कचऱ्याचे डोंगर झाले. धूर, माश्या, वास, विहिरींचं खराब पाणी. ते लोक वर्षानुवर्षं तक्रार करत होते.

शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. एकही गाडी आत सोडली नाही. दोन-चार दिवसांतच शहराच्या रस्त्यांवर ढीग लागले. मग कचरा मिटमिट्याला न्यायचं ठरलं, तर तिथल्या लोकांनीही विरोध केला. मार्चमध्ये दगडफेक झाली, माणसं जखमी झाली. शहरातले लोक महिनोन्महिने नाकाला रुमाल लावून फिरत होते.

त्यानंतर कुठं ओला-सुका कचरा वेगळा करणं आणि त्यावर प्रक्रिया करणारी केंद्रं उभारणं याला जोर आला. खरं तर कचरा घरातच वेगळा करा, असा नियम २०१६ पासूनच होता. पण दुसऱ्याच्या नाकातला वास आपल्याला कुठं येतो?

हे सांगत असताना एक मुलगा उभा राहिला. हा एरवी फारसा बोलत नाही. तो म्हणाला,

"सर, आमच्या आजोबांचं शेत धरणात गेलं. गोदाकाठची काळी जमीन होती. आजोबा म्हणतात, त्या पाण्याखाली आपली विहीर आहे. मग त्यांनी कुणाकडं तक्रार करायची?"

वर्ग एकदम गप्प झाला. मीही.

जायकवाडीसाठी औरंगाबाद आणि अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतल्या शंभराहून अधिक गावांना झळ लागली. आमच्या गंगापूर तालुक्यातली गोदाकाठची गावंही त्यांत होती. कायगाव-टोक्याच्या पुलावरून नगरकडं जाताना तुम्ही ते अथांग पाणी पाहिलं असेल. 'जुनं कायगाव' आणि 'नवं कायगाव' अशी दोन नावं का पडली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. मामीच्या ड्रममधलं पाणी कुणाच्या तरी शेतावरून आलेलं असतं. आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी गावांना २०१९ आणि २०२४ च्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागली.

त्या मुलाच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी तसं वर्गाला सांगितलं. पण प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला आणि आठवडाभर पुसू दिला नाही.

लंडनचा एक पंप

मग मुलांनी विचारलं, "सर, तक्रार करून काही होतं का?" तेव्हा मी त्यांना फार लांबची एक खरी गोष्ट सांगितली.

१८५४ साली लंडन शहरात सोहो नावाच्या भागात पटकी, म्हणजे कॉलरा पसरला. सहाशेहून जास्त माणसं दगावली. लोक ओरडत होते, शहरात घाण वास येतो, त्या वासानंच रोग होतो. मोठमोठे डॉक्टरही तसंच म्हणत.

जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांना ते पटेना. त्यांनी घरोघरी जाऊन विचारपूस केली. कोण गेलं, कधी गेलं, पाणी कुठलं पीत होते? मग नकाशा घेतला आणि ज्या घरात मृत्यू झाला, तिथं तिथं खूण केली. बघतात तर काय, बहुतेक खुणा ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती गोळा झालेल्या! त्यांनी हा पुरावा तिथल्या कारभाऱ्यांपुढे ठेवला आणि पंपाचा दांडा काढून घ्यायला लावला. पुढे कळलं, की पंपाच्या विहिरीजवळच मैल्याचा खड्डा होता आणि त्यातली घाण झिरपत होती.

ओरडा तर सगळेच करत होते, मुलांनो. पण कुठं, कधी, किती हे एका माणसानं मोजलं. कुरकुर आणि तक्रार यांत हाच फरक.

आमची पहिली तक्रार

मग आम्हीही करून पाहिलं. शाळेच्या वाटेवर एका सार्वजनिक नळाला तोटी नव्हती. पाणी सुटलं, की धो धो वाहायचं. सगळे बघायचे आणि म्हणायचे, "काय हे! कुणाचं लक्षच नाही."

चौघं मुलं घड्याळ आणि बादली घेऊन गेली. पंधरा लिटरची बादली पाच मिनिटांत भरली. पाणी दीड तास असायचं. म्हणजे अठरा बादल्या, २७० लिटर. खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावं, असं प्रमाण आहे. म्हणजे जवळजवळ पाच माणसांचं दिवसाचं पाणी मातीत जात होतं. मुलांनी तीन पाळ्यांची नोंद ठेवली आणि अर्ज लिहिला. त्यात 'लक्ष द्यावे ही विनंती' एवढंच लिहून ती थांबली नाहीत. जागा, तारखा, वेळ आणि लिटर सगळं लिहिलं. अर्जाची एक प्रत आपल्याकडं ठेवली आणि तीवर पोच घेतली.

लगेच काही झालं नाही हं! पंधरा दिवस गेले. मुलं हिरमुसली. पुन्हा मोजलं, पुन्हा अर्ज दिला, पहिल्या अर्जाची तारीख त्यात लिहिली. तिसऱ्या आठवड्यात तोटी बसली. केवढीशी ती तोटी! पण त्या दिवशी वर्गातली मुलं असली ऐटीत चालत होती, की विचारू नका.

मोठ्या माणसांसाठी तर आणखी एक वाट आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानं कुणीही नागरिक सरकारी कार्यालयाला विचारू शकतो, की या कामाचं काय झालं? साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तुमच्या बाबांना, काकूंना हे सांगा.

आता तुमचं काम. घरात, गल्लीत मोठी माणसं रोज काही ना काही कुरकुर करत असतात. त्यांतली एकच निवडा. वहीत चार रकाने आखा. कुठे? कधी? किती? कुणाला सांगितलं? आठवडाभर भरा. रात्रीबेरात्री एकट्यानं कुठं जाऊ नका, रस्त्याच्या मधोमध उभं राहून खड्डे मोजू नका, सोबत मोठं माणूस असू द्या.

आमच्या वर्गाच्या वहीत मात्र पाच रकाने आहेत. पाचवा त्या आजोबांच्या नातवानं सुचवला. त्याच्याच अक्षरात वर लिहिलंय, 'याचा त्रास आणखी कुणाला होतो?'

हा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पण आम्ही तो मोकळा सोडत नाही.